वहिनीसाहेबांचं डोकं

तीर्थस्वरूप वन्सं,

तुमच्या दोन्ही पायांवर डोकं ठेवून सत्यभामेचा नमस्कार. (डोकं ठेवून हे नुसतं लिहायचं म्हणून लिहिलेलं नाही. इतकी वर्षं मी तुमच्या पायांना हात लावून लगेच सरळ व्हायची, आणि तुम्हाला वाटत असेल भावजय ताठ आहे. ताठ नव्हते, वन्सं. वाकलं की डोक्यात घण पडायचे.) तुमचा गुडघा कसा आहे? दाजींची शुगर? त्यांनी चहातली साखर सोडली असं ऐकलं, पण साखरेऐवजी गूळ घालून घेतात असंही ऐकलं. उसाला पाणी पुरतंय का? इकडं सगळे मजेत आहेत. मी मजेत आहे की नाही ते मलाच नीट कळत नाही, म्हणून हे पत्र.

फोन कावून केला नाही म्हणाल. तर तुमचे बंधू घरात असले की फोन कुणाचाही असो, स्पीकरवर टाकतात. मागं माझ्या माहेरचा फोन आला तेव्हा भावजयीच्या बाळंतपणाची सगळी हकीकत ओसरीवर बसलेल्या बारा गावच्या माणसांनी ऐकली आणि मधे सल्लेही दिले. तिकडं तुमचा फोन दाजींच्या खिशात. त्यापेक्षा कागद बरा. हे पत्र भिवराबाईच्या हाती पाठवतेय. (आपल्या गावातली, ऊसतोडीला जाणारी. तिची लेक तुमच्या तेलगावात दिलेली आहे, तिला भेटायला निघालीय.) तुम्ही एकट्या असताना वाचा. सलग वाचता येईल असं नाही, कारण सलग लिहिलेलंही नाही. मी हल्ली एका जागी बसूच शकत नाही. एवढं लिहिताना दोनदा उठून फाटकापर्यंत जाऊन आले, काही काम नव्हतं.

माझ्या डोक्याचं तुम्हाला नव्यानं काय सांगायचं? डाव्या भुवईपासून सुरू व्हायचं ते कानामागून मानेत उतरायचं. उजेड नको, आवाज नको, फोडणीचा वास नको, आणि हारातल्या निशिगंधाचा तर नाहीच नको. आणि पडले कुणाच्या घरात? ज्याच्या घरात रोज हार येतात. जीप येते, माणसं येतात, ‘आगे बढो’ येतं. मग मी धान्याच्या खोलीत जाऊन दार लावून पडायची. तिथं खिडकी नाही, पोत्यांमुळं आवाज येत नाही, ज्वारीचा वास तेवढा सोसतो. मी आत गेले की भिंतीपलीकडं सगळी ओसरी गप्प. तुमच्या बंधूंचा आवाज माईकशिवाय घाटनांदूरच्या बाजारात ऐकू जातो हे तुम्हाला माहीत आहे, पण माझ्यासाठी तो माणूस लोकांच्या कानाला लागून बोलायचा. (हे त्यांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे.) बाहेरच्यांना वाटायचं, अर्जुनराव हळू बोलतायत म्हणजे मोठं काहीतरी शिजतंय. त्या कुजबुजीच्या जोरावर ते एकदा पंचायत समितीला निवडूनही आले.

महिन्यातले निम्म्याहून जास्त दिवस मी त्या खोलीत असायची. गोळ्या किती खाल्ल्या त्याला माप नाही. मामंजी होते तेव्हा म्हणायचे पित्त आहे, सासूबाई म्हणायच्या नजर आहे, शेजारची म्हणायची चष्मा लागला असेल. चष्मा आणला. चष्म्यातून डोकेदुखी जास्त स्पष्ट दिसायला लागली, एवढाच फरक.

आणि मग आपला जिल्हा परिषदेचा गट महिलेला सुटला.

त्या दिवशी दुपारी मी खोलीत पडलेली. दार उघडलं आणि तुमचे बंधू आत आले. चप्पल बाहेर काढून, दबक्या पावलांनी. अंधारात चाचपडत पोत्यावर बसले. म्हणाले, “लई दुखतंय का?” वन्सं, खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण त्या खोलीत येऊन ते कधी बसले नव्हते. मी म्हटलं, “हाय तसंच हाय.” ते पोत्यावर जरा सरकून बसले. मग म्हणाले, “ह्याच्यावर काहीतरी पक्का इलाज काढलाच पायजे.” उठून दारापर्यंत गेले. आणि मग, “न्हाई म्हंजी, प्रचार उन्हातच असतोय.”

माझ्या डोळ्यांतलं पाणी तिथंच वाळलं.

पण हा माणूस मनावर घेतो तेव्हा घेतो. इतक्या वर्षांत जो डॉक्टर सापडला नव्हता तो आठवड्यात सापडला. लातूरला एक डॉक्टरीणबाई आहेत, त्या फक्त दुखण्याचंच बघतात. सर्दी नाही, ताप नाही, नुसतं दुखणं. निघताना मला वाटलं आपण दोघं जाऊ. बघते तर पुढं एक गाडी, मागं एक गाडी, मधे आमची, आणि आमची चालवायला हनुमान, तुमच्या बंधूंचा जुना ड्रायव्हर, ज्याला हॉर्नवरचा हात काढायची सवय नाही. दवाखान्यात पोहोचलो तर तिथं मानेला पट्टे बांधलेली, कपाळाला हात लावलेली माणसं शांत बसलेली. त्यात आमची फलटण घुसली. एकानं तर सवयीनं घोषणा द्यायला तोंड उघडलं होतं, पण समोरच्या बाईनं असं बघितलं की त्यानं ते जांभईत बदललं.

डॉक्टरीणबाई लहानखुऱ्या, आवाज त्याहून लहान. त्यांनी मला विचारलं, कधीपासून दुखतं? तुमचे बंधू म्हणाले, लग्नापासून. किती वेळ राहतं? ते म्हणाले, दिवसभर तर कुठंच गेलं न्हाई. दुखताना कसं वाटतं? तर त्याचंही ते उत्तर द्यायला लागले! डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि त्यांना विचारलं, “साहेब, तुमचं पण दुखतं का?” बाई उठून माझ्या मागं आल्या आणि मानेच्या वर, जिथं कवटी सुरू होते तिथं, त्यांनी अंगठा दाबला. वन्सं, मी किंचाळलेच. कुणाला सापडलं नव्हतं ते त्यांच्या अंगठ्याला सापडलं. त्या म्हणाल्या, याला मायग्रेन म्हणतात, हे नजरबिजर नाही, नाटक तर मुळीच नाही. रोज रोज दुखण्याच्या गोळ्या खाऊन डोकं आणखी चिडतं. डोक्याच्या मागून एक नस वर चढते, तिच्याजवळ भुलीचं औषध सोडायचं, म्हणजे ती नस काही काळ गप्प राहते आणि आत चाललेला दंगा बसतो. कुणाला आठवडे आराम पडतो, कुणाला महिने, कुणाला पडतही नाही. पुन्हा घ्यावं लागतं. शब्द देत नाही, म्हणाल्या.

तुमच्या बंधूंनी सगळं मन लावून ऐकलं आणि विचारलं, “मॅडम, मतदानापर्यंत टिकंल ना?”

बाईंना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मी भिंतीवरच्या कवटीच्या चित्राकडं बघितलं. ते पुढं म्हणाले, “न्हाई, दोनदोन द्या पायजे तर. एक वरचं.” त्यांना बाहेर बसवण्यात आलं.

सुई बारीक असते. मला वाटलं होतं जनावरांच्या डॉक्टरची असते तशी असेल. मी खाली मान घालून, टेबलावर कपाळ टेकून बसले. थंड बोळा फिरला. मग विंचवाच्या पिलानं नांगी मारावी तसं टोचलं, आत चणचणलं, कानामागं दाब आला. मग दुसऱ्या बाजूला. एवढंच. मी म्हटलं, झालं? त्या म्हणाल्या, झालं, पडून राहा थोडं. मी पडून राहिले आणि काय होतंय ते बघत बसले. आधी डोक्याची मागची बाजू जड झाली, मग ती माझी राहिलीच नाही, कुणाचीतरी उशी डोक्याला चिकटवल्यासारखी. आणि मग पंख्याचा आवाज आला. पंखा आधीपासून फिरत होता, पण मला त्याचा आवाज एरवी मारायला यायचा. तो नुसता पंख्यासारखा वाजत होता. वन्सं, मी पंखा ऐकत रडले. त्या खोलीत कुणी नव्हतं म्हणून बरं.

(थांबा, कुकर झाला वाटतं. नाही, शेजारचा होता. तरी जाऊन आले.)

आता पुढचं सांगायला मला लाज वाटायला पाहिजे, पण वाटत नाही. परत येताना तुमच्या बंधूंनी गाडी सरळ महिला मेळाव्याला घातली. मला आधी सांगितलं नव्हतं. मंडप, खुर्च्या, स्टेजवर म्हातारे पुढारी, समोर बायका. मला मधोमध बसवलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, काही तास मागचं बधिर राहील, घाबरू नका. मी घाबरले नाही, पण बधिर म्हणजे काय ते विसरले. समोरच्या बायका माझ्याकडं बघून एकमेकींना कोपर मारायला लागल्या. स्टेजवरच्या म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. मला वाटलं, सुईनं माझं तोंड वाकडं झालं. मी ओठ हलवून बघितले, गाल फुगवून बघितले. तुमचे बंधू खालून डोळ्यांनी खुणा करत होते, स्वतःच्या टकलावरून हात फिरवत होते. मला वाटलं ते विचारतायत, डोकं कसंय? मी हसून मान हलवली, छान आहे.

माझा पदर डोक्यावरून पार खांद्यावर आला होता. डोक्याला कळायचं कसं? लग्न होऊन या घरात आल्यापासून परक्या पुरुषापुढं कधी न उघडलेलं डोकं दोन आमदारकी हरलेल्यांच्या आणि एका कारखान्याच्या संचालकाच्या मधे उघडं ठेवून मी हसत बसलेली.

आणि तशातच माझं नाव पुकारलं. दोन शब्द बोला. तुमच्या बंधूंनी ते दोन शब्द गाडीत पाठ करून घेतले होते, पण ते उजव्या-डाव्या कुठल्याच बाजूला सापडेनात. मी माईकपुढं उभी राहिले आणि जे डोक्यात होतं ते बोलले. म्हटलं, मी आत्ता डोक्यात इंजेक्शन घेऊन आलेय. इतकी वर्षं डोकं दुखतंय म्हणून मी अंधारात पडून राहिले. तुमच्यात कुणाकुणाचं असं दुखतं? आधी कुणी हललं नाही. मग एक हात वर आला, मग दुसरा, मग पदराच्या आडून किती वर आले ते मोजता येईनात. मी आपली गोळ्यांचं सांगत होते, खोलीचं सांगत होते, आणि मागून एक बाई उठली. हीच भिवराबाई.

ती म्हणाली, “बाईसाब, तुमाला खोली तरी हाय. आमचं उसात दुखतंय. मोळी डोक्यावर आन् दुखणं बी डोक्यावर. मुकादमाला सांगितलं तर म्हंतो, पट्टा पडू दे, कारखाना बंद झाल्यावर दुखू दे. आमी अंदार कुठं करायचा?”

मी माईकची मान उगाच वर-खाली केली. शेवटी म्हटलं, “मला म्हाईत न्हाई, भिवराबाई. पण मी विचारते.” आणि खाली बसले. टाळ्या कशाला वाजल्या ते मला अजून कळलेलं नाही.

कुणीतरी माझा उघड्या डोक्याचा फोटो काढला होता, तो फिरला. संस्कृतीनं कॉलेजातून फोन केला, “आई, तू सगळीकडं आहेस!” पोरांनी खाली लिहिलं होतं, ‘वहिनीसाहेबांनी पदर खाली घेतला, आता बदल वर येणार.’ तुमच्या बंधूंची काय अवस्था झाली सांगू? आधी म्हणाले, घराण्याची अब्रू गेली. दुपारी तरुण पोरं येऊन त्यांचे हात हातात घेऊन अभिनंदन करून गेली, तेव्हा म्हणाले, आपल्याला असं जुनाट राहून चालायचं नाही. संध्याकाळी वरून निरोप आला की वहिनीसाहेबांना बैठकीला पाठवा, एकट्या आल्या तरी चालतील. तेव्हा पुन्हा अब्रू गेली.

आणि माझं म्हणाल तर, दिवस गेले, आठवडे गेले, डोकं दुखेना. तुम्हाला वाटेल मग चैन असेल. नाही वन्सं. मी सैरभैर झाले. रोज पहाटे उठले की पडल्या पडल्या वाट बघायची, आता येईल. भुवई दाबून बघायची. मानेत बोट घालून बघायची. पाहुणा येणार म्हणून सांगितलंय आणि येत नाही, तसं. दुपारी झोप येईना, म्हणून मी धान्याची खोली झाडली, पोती हलवली, हलवलेली परत जागेवर लावली. सगळी भांडी घासलेली असताना पुन्हा घासली. बाहेर पडावं तर जो तो विचारतो, “वहिनीसाहेब, डोकं कसंय?” आपण शेजाऱ्याच्या गाभण म्हशीचं विचारतो त्याच सुरात. रोज सकाळी तुमचे बंधू विचारतात ते वेगळंच. पण गावोगाव फिरताना बायका मला बाजूला घेऊन आपापली डोकी सांगायला लागल्या, आणि मला ते ऐकावंसं वाटायला लागलं. आपल्या आरोग्य केंद्रात बाईडॉक्टर कावून नाही, हे मी तुमच्या बंधूंना इतक्यांदा विचारलं की ते मला टाळून मागच्या दारानं यायला लागले.

तेवढ्यात निवडणूकच पुढं गेली. कोर्टात काहीतरी अडकलं म्हणे. बातमी आली तेव्हा ओसरी भरलेली होती. सगळे हळहळले. तुमचे बंधू माझ्याकडं वळून म्हणाले, “म्हंजी इंजेक्शन वायाच गेलं की.”

ते मनानं वाईट नाहीत. बोलून गेल्यावर त्यांनाही कळलं असावं, कारण संध्याकाळी त्यांनी स्वतः चहा केला. त्यात मीठ पडलं होतं. मी पिऊन टाकला आणि काही बोलले नाही. पण ते वाक्य माझ्या आत जे बसलंय ते उठत नाही. माझे एवढे दिवस बिनदुखीचे गेले. मी ऊन बघितलं, पंखा ऐकला, पोरीबरोबर पोट धरून हसले, ते कुठल्या हिशेबात? हे मी कुणाला विचारू? तुम्ही मोठ्या आहात. त्यांना तुमचा एकटीचा काय तो धाक आहे. कधी बोलणं झालं तर विचारा, माझं नाव न घेता.

बाकी सगळं ठीक आहे. डोकं मधे थोडं दुखून गेलं, पण काळजी करू नका. दाजींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. पत्रात कमीजास्त लिहिलं असेल तर ते माझ्या डोक्यावर घाला, सध्या ते रिकामं आहे.

तुमची भावजय,
सत्यभामा

ता. क. – आता खरं काम लिहिते. गेल्या मंगळवारी मी तुमच्याकडे आले होते. सकाळच्या गाडीनं आले, तुम्ही पिठलं केलंत, जेवून मी जरा पडले आणि उन्हं उतरल्यावर निघाले. तुम्हाला यातलं काही आठवणार नाही, कारण मी आलेच नव्हते. डोकं थोडं दुखून गेलं असं वर लिहिलंय, तेही तसं नाही. ते पुरतं परत आलं होतं. पण पुन्हा त्या गाड्या, ती फलटण, आणि आता कशासाठी इंजेक्शन, असं कुणी विचारणार, त्यापेक्षा मी घरात सांगितलं की तेलगावला वन्संकडे जातेय, आणि अंबाजोगाईला उतरून लातूरची एसटी धरली. भिवराबाईला बरोबर घेतलं. खिडकीशी ती बसली, मी डोळ्यांवर पदर ओढून तिच्या खांद्यावर. डॉक्टरीणबाईंनी मला पुन्हा दिलं. भिवराबाईची मान तपासून त्या म्हणाल्या, हिचं ओझ्यानं मानेतून येतंय, आधी गोळ्या बंद, औषध वेगळं, मग बघू. तिला कुणी एवढा वेळ तपासलं नव्हतं, ती येताना सगळ्या बसला तेच सांगत होती. तर तुमचे बंधू रविवारी तुम्हाला फोन करतील, आणि ते विचारल्याशिवाय राहणार नाहीत. पिठलंच सांगा. दुसरं काही सांगू नका, मी पिठलं सांगितलंय.

ता. क. आणखी एक – हे लिहू की नको म्हणून मी पुन्हा फाटकापर्यंत जाऊन आले. सुट्टीत संस्कृती तुमच्याकडे राहिली होती, तेव्हा तिनं बघितलं. आत्या दुपारी न्हाणीघरात दिवा न लावता बसते, डोक्याला फडकं आवळून, आणि दाजींनी हाक मारली की नळ सोडून ‘अंघोळ करतेय’ म्हणते. रागावू नका, पोर मलाच बोलली, बाकी कुणाला नाही. पुढच्या महिन्याच्या पहिल्या मंगळवारी डॉक्टरीणबाईंकडे मी तुमचा नंबर लावून ठेवलाय. अंबाजोगाईच्या स्टँडवर लातूरच्या फलाटाशी मी थांबते. दाजींना सांगा, भावजयीकडे चाललेय. तुम्ही माझ्याकडे काय जेवलात ते आपण गाडीत ठरवू.